बीटवाले सर

सरांचं नाव मी इथं घेणार नाही. अब्रूनुकसानीची भीती वगैरे काही नाही. नाव छापून आलं तर ते खूश होतील, आणि त्यांना खूश करायची माझी अजून तयारी नाही. चाकणच्या आमच्या कंपनीत त्यांना सगळे बीटवाले सर म्हणायचे. 'आमच्या' म्हणायची सवय माझी गेलेली नाही. त्या कंपनीनं मला ट्रेनी म्हणून घेतलं, पूर्ण कामगाराचं काम करून घेतलं आणि तोंड उघडल्यावर बाहेर काढलं. तेव्हापासून मी संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते आणि त्याच गेटवर उभी राहून वाटते.

गाडीच्या पोटात वायरींची जी आतडी असतात, ती ही कंपनी बनवते. लाइनवर बहुतेक बायका, त्यातल्या बहुतेक कंत्राटी. सर ट्रेनिंग खात्याचे प्रमुख. इस्त्रीची पँट, फुल शर्ट, गळ्यात कार्ड आणि पायात पांढरेशुभ्र नाचायचे बूट. सेफ्टी शूज सगळ्यांना सक्तीचे, मग सरांना का नाहीत, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "त्यात टाच उचलली जात नाही," असं उत्तर मिळालं. शॉप फ्लोअरवर टाच उचलायची काय गरज, हे विचारायच्या आत ते टाच उचलत पुढं गेलेही होते.

झालं होतं असं, की नव्वदच्या दशकात, म्हणजे माझ्या जन्माआधी, कंपनीनं सरांना मशीन शिकायला युरोपात पाठवलं. मशीन ते किती शिकले याबद्दल मेंटेनन्सवाल्यांचं मत वेगळं आहे. पण त्या मोसमात तिथं एक नाचाचं गाणं गाजत होतं. धप धप धप धप असा ठोका, सरांच्या भाषेत बीट, मधे एक बाप्या भराभर काहीतरी बडबडतो, आणि मग एक बाई असा आवाज लावते की पत्रे उडावेत. शब्द चारच. गाणं आधी एका देशात पहिलं आलं, मग शेजारच्या देशात, मग समुद्र ओलांडून पलीकडं. ज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं तेही नाचले. सर हे अशा थाटात सांगायचे, की जणू गाणं त्यांच्याच पिशवीतून सीमा ओलांडत होतं.

"मी तिथं होतो," ते म्हणायचे. "नंबर वन झालं त्या दिवशी मी ब्रेड आणायला गेलो होतो. दुकानदार नाचत होता."

युरोपच्या संगीतातला सरांचा वाटा एवढाच. ब्रेडचा. पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी सगळी नोकरी काढली.

नवीन ट्रेनी आले की पहिल्या दिवशी सेफ्टीचं भाषण असतं. सर ते दोन मिनिटांत उरकायचे आणि गाणं लावायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याची टाळी ठोक्यावर पडेल तो लाइनवर, ज्याची चुकेल तो पॅकिंगला. माझी चुकली. माझे आजोबा भीमजयंतीच्या मिरवणुकीत ढोलकी वाजवायचे, आणि त्यांच्या नातीला एका परदेशी ठोक्यानं खोकी चिकटवायला पाठवलं. एकदा सर देहूला भजनाला बसले होते म्हणे. शेजारच्या टाळकऱ्याला म्हणाले, "माउली, फार छान चाललंय, पण ठोका धाडकन पडतो तो ड्रॉप कधी येणार?" माउलीनं त्यांना पाणी दिलं. उन्हाचा त्रास होतोय असं वाटलं असणार.

त्यांच्या ट्रेनिंगच्या वर्गात एक स्लाइड ठरलेली असायची. त्या गाण्याचं कव्हर. त्यावर एक देखणी बाई, चकचकीत कपडे, कमरेवर हात. सर ती दाखवून थांबायचे, आणि मग गुपित फोडल्यासारखे म्हणायचे, "ही गात नाही."

"मग गातं कोण, सर?" मी विचारलं.

"दुसरी. तिला स्टुडिओत बोलावलं, गाऊन घेतलं, पैसे देऊन घरी पाठवलं. दिसायला ही, आवाजाला ती, आणि गाणं जगभर. याला म्हणतात टीमवर्क."

"याला कंत्राटी कामगार म्हणतात, सर."

वर्ग हसला. सरही हसले. त्यांना टोमणा कळत नाही, ही त्यांच्याशी भांडणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

गाणं कुठं ध्वनिमुद्रित झालं, बडबडणारा बाप्या आधी काय धंदा करत होता, कव्हरवरच्या बाईचे बूट कुठल्या कंपनीचे, हे सगळं सरांना पाठ. गाणारीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. "ते कव्हरवर नव्हतं," ते म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. मी त्या दिवशी त्यांच्यावर डूख धरला.

मला काढल्यावर आमची रोज गेटवर गाठ पडायची. बाकीचे साहेब काच वर करून निघून जायचे. सर गाडी बाजूला घेऊन उतरायचे, माझं पत्रक मागून घ्यायचे आणि उभ्याउभ्या वाचायचे. वाचताना पाय हलत असायचा. मग परत द्यायचे.

"काय पत्रकबाई, एवढा मजकूर? यात हुक कुठाय?"

"कायद्याची कलमं आहेत, सर. ती लागतात."

"कलमावर कोण नाचतं? चार शब्द दे. चारच. लोक घरी जाऊन गुणगुणले पाहिजेत."

"लोक घरी जाऊन झोपतात, सर. डबल शिफ्ट करून."

"त्यालाही बीट लागते," असं म्हणून ते गाडीत बसायचे. पत्रक मात्र कधी फेकलं नाही त्यांनी, घडी करून खिशात घालायचे. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितेय असं नाही, झालं ते सांगतेय.

आता मंगलताई. दिघीत आमच्या गल्लीत राहते, माहेर लातूरकडचं. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होता, ते बंद पडल्यापासून घर तिच्यावर चालतं. भीमजयंतीला आमच्याकडं माईक एकदा मंगलताईच्या हातात गेला की परत मागायची कुणाची छाती होत नाही. आवाज असा, की लाउडस्पीकरवाला स्वतः येऊन आवाज कमी करतो. कंपनीत ती लाइनवर कंत्राटी होती. कंत्राटी कामगाराचं कार्ड पिवळं, कायम कामगाराचं पांढरं. मंगलताईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, पांढरं कार्ड. बाकी सगळं ती त्या कार्डाच्या पलीकडं ढकलून बसली होती: पोरीचं कॉलेज, गळका पत्रा, स्वतःचे दुखरे खांदे.

कार्ड मिळत का नाही, तेही सांगते. कायद्यानं कायम करावं लागेल इतके दिवस भरायच्या आत कंत्राटदार 'ब्रेक' देतो. ब्रेक म्हणजे घरी बस. मग महिनाभरानं दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर पुन्हा ये, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोज. हा खेळ मंगलताईबरोबर किती वेळा झाला ते तिनंच मोजायचं सोडलं होतं.

परदेशातल्या मुख्य ऑफिसनं एकदा स्पर्धा काढली. जगभरच्या सगळ्या कारखान्यांनी आपापल्या कामगारांचं गाणं बनवून पाठवायचं. सरांना तर देव भेटला. त्यांनी आपल्या लाडक्या गाण्याच्या ठोक्यावर मराठी गाणं रचलं. शब्द चारच: थांबू नको, थांबू नको. त्यातले दोन तेच आहेत हे मी गेटवर त्यांच्या लक्षात आणून दिलं. "म्हणूनच चालणार," ते म्हणाले.

गायला मंगलताईला घेतलं. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, ट्रेनिंग रूमच्या भिंतींना पॅकिंगचा फोम लावला आणि तिच्याकडून गाऊन घेतलं. "जिंकलं तर तुझ्या कार्डाचं बघतो," असं सर म्हणाले. पण स्पर्धेचा नियम होता, की गाणारा कंपनीचा कामगार हवा, आणि मंगलताई कागदोपत्री कंपनीची कोणीच नव्हती. सर जराही अडले नाहीत. व्हिडिओत एचआरमधली तन्वी नावाची मुलगी उभी केली, चकचकीत कपडे, कमरेवर हात. तिनं नुसते ओठ हलवले. बिचारीला तसंच सांगितलं होतं. सर कृतकृत्य झाले. त्यांच्या मते आता गाणं खऱ्या अर्थानं अस्सल झालं होतं.

आणि गाणं जिंकलं. नुसतं जिंकलं नाही, पसरलं. पोलंडच्या कारखान्यात शिफ्ट सुरू होताना ते वाजायला लागलं. मेक्सिकोतल्या बायकांचा व्हिडिओ आला, वायरी हातात धरून 'थांबू नको' म्हणत नाचतायत. चाकणला रिसेप्शनवर तेच, फोन होल्डवर ठेवला तरी तेच. शेवटी सरांनी ते दोरीलाही लावलं.

दोरी म्हणजे लाइनच्या डोक्यावरून जाणारी दोरी. कामात खोट दिसली, कुणाचा हात अडकला, की ती ओढायची. पट्टा थांबतो, लाल दिवा लागतो, धून वाजते, आणि लीडर धावत येऊन विचारतो, प्रॉब्लेम काय? पूर्वी टिंगटाँग वाजायचं. आता तिथं मंगलताई 'थांबू नको' म्हणून गायला लागली, आणि तिच्या सांगण्याच्या बरोब्बर उलट लाइन थांबायला लागली. सरांनी सगळ्यांना पाठ करून घेतलं: गाणं ऐकू आलं की हात कामावरून काढायचे आणि खांद्याच्या वर धरायचे, लीडरला लांबून दिसतील असे. रोज शिफ्टच्या आधी सराव. इतका सराव, की बायका घरी पोरांच्या मोबाईलवर ते गाणं वाजलं तरी लाटणं टाकून हात वर करायच्या.

गाणं जगभर फिरत होतं त्याच महिन्यात मंगलताईला ब्रेक मिळाला. ती तळवड्याच्या एका लहान युनिटमध्ये रबराच्या पार्टांच्या कडा कापायला जायला लागली. आवाज आत, बाई बाहेर. मी यावर पत्रक काढलं. सरांनी ते गेटवर वाचलं आणि म्हणाले, "हे बरंय. पण अजून लांब आहे."

"तिच्या कार्डाचं काय झालं, सर?"

"बघतो म्हणालोय ना. गाणं अजून वर चढतंय, थांब जरा."

मग परदेशी पाहुणे आले. जिंकलेल्या कारखान्याचं कौतुक करायला मुख्य ऑफिसमधून एक वयस्क बाई आणि एक तरुण साहेब. मी अर्थात आत नव्हते. पण संध्याकाळी लाइनवरच्या बायकांनी बस स्टॉपवर मला तो प्रसंग करून दाखवला, आणि हसून हसून दोघींची बस चुकली.

पाहुणे शॉप फ्लोअरवर पाऊल टाकतील त्या क्षणी सगळीकडच्या स्पीकरवर गाणं लावायचं, असं सरांनी ठरवलं होतं. फुलं, रांगोळी, तन्वी नटून उभी. पाहुणे आले, गाणं लागलं. आणि लाइनवरच्या सगळ्या बायकांनी हात कामावरून काढून खांद्याच्या वर धरले. शिकवलं होतं तसं.

पाहुण्यांना वाटलं हाच नाच. बाईंनीही हात वर केले आणि डुलायला लागल्या.

दोरी कुणी ओढली नव्हती, त्यामुळं पट्टा चालूच. अर्धवट वायरी लावलेले पाट एकामागून एक पुढं सरकतायत, बायका हात वर करून त्यांच्याकडं बघतायत, आणि शेवटच्या टोकाला सगळा ढीग पडतोय.

"अगं हात खाली घ्या," लीडर ओरडला.

"गाणं चालूय की," एक बाई त्याला म्हणाली. "सरांनीच सांगितलंय."

ढीग बघून लीडर घाबरला आणि त्यानं स्वतःच दोरी ओढली. पट्टा थांबला. पण दोरीचं गाणं वेगळ्या स्पीकरवर, तेही सुरू झालं, पहिल्याच्या अर्धा ठोका मागं. आता दोन मंगलताया एकीमागून एक थांबू नको म्हणतायत. प्लान्ट हेडचा चेहरा पडला तो उत्पादनासाठी. सरांनी मात्र दोन्ही कान झाकले आणि कळवळून म्हणाले, "बीट जुळत नाहीये, कुणीतरी एक बंद करा." सगळा कारखाना उभा होता, आणि या माणसाला दुःख त्या अर्ध्या ठोक्याचं.

शेवटी सगळं बंद केलं. शांततेत पाहुण्या बाईंनी तन्वीचा हात धरला आणि म्हणाल्या, काय आवाज आहे तुझा, दोन ओळी इथंच गाऊन दाखव. तन्वीनं प्लान्ट हेडकडं बघितलं. प्लान्ट हेडनं तिचा घसा बसलाय असं सांगायला सुरुवात केली. आणि सर पुढं झाले. त्यांना वाटलं पाहुण्यांना मूळ गाण्याची परंपरा माहीत नसावी.

"नाही नाही," त्यांनी अभिमानानं इंग्रजीत समजावून सांगितलं. "ही फक्त चेहरा आहे. आवाज दुसरीचा. अगदी तुमच्या गाण्यासारखं. ती आता इथं नसते, कंत्राटी होती."

पाहुण्या बाईंनी तन्वीचा हात सोडला. तरुण साहेब बाजूला जाऊन फोनवर बोलायला लागला. अशा प्रकरणांवरून तिकडं लोक कोर्टात जातात, हे सरांच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. आम्ही महिनोन्महिने गेटवर घसा फोडून जे सांगत होतो, ते या माणसानं मिरवत मिरवत चार वाक्यांत सांगून टाकलं. मी आजही ठामपणे म्हणते, की आपण काय केलं हे त्यांना कळलं नव्हतं.

त्या रविवारी सर दिघीला मंगलताईच्या घरी आले. तिनं मला आधीच बोलावून घेतलं होतं. दारातूनच म्हणाले, "मंगल, अभिनंदन. तुझा आवाज लीगल डिपार्टमेंटला पोचला."

तिनं चहा टाकला. सरांनी कागद काढला. माझा आवाज मी राजीखुशीनं कंपनीला कायमचा दिला आहे, असा मजकूर. बदल्यात शाल, श्रीफळ आणि एक गिफ्ट कूपन.

"आवाज कायमचा घेताय," मी म्हणाले, "आणि बाई?"

"तू पत्रक सुरू करू नकोस," सर म्हणाले.

"कार्ड?" मंगलताईनं विचारलं.

"कार्ड वेगळ्या डिपार्टमेंटचं असतं गं."

"मग सहीबी वेगळ्या डिपार्टमेंटची."

"अगं, फेमस होशील. मेक्सिकोत तुझा आवाज ऐकतात."

"फेमस होऊन रेशन मिळतं व्हय, सर? मला परमनंट व्हायचंय. तुमीच म्हणला होता, जिंकलं तर बघतो. बघा की आता."

"मी असं म्हणालो होतो?"

"व्हय. ह्याच बुटात उभं राहून."

सरांनी आपल्या बुटांकडं बघितलं. मग बराच वेळ चहाच्या कपावर बोट वाजवत बसले. मला वाटलं माणूस शरमला. कसलं काय. ते मनात स्पर्धेचे नियम आठवत होते. "एक मिनिट," ते म्हणाले, "गाणारा कंपनीचा कामगार पाहिजे, असा नियम होता. म्हणजे तू कंपनीची नसशील तर आपलं बक्षीस रद्द." आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की घरात कुणी गेलंय असं वाटावं. सही न घेताच, कागद तिथंच सोडून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की मंगल कामगार नसेल तर नंबर वन खोटा आहे, आणि मी मुख्य ऑफिसला तसं कळवून टाकतो. साहेबांना ती धमकी वाटली. धमकी कसली, माणूस खरोखर गाण्याच्या काळजीनं अर्धा झाला होता. पण साहेब घाबरले, आणि आठवड्याभरात मंगलताईला पांढरं कार्ड मिळालं. त्यावर नेमणुकीची तारीख स्पर्धेच्या आधीची. मागच्या तारखेनं कायम करता येत नाही, असं हीच कंपनी आम्हाला लेबर ऑफिसात दरवेळी तोंड वर करून सांगत आली होती. बक्षीस वाचवायचं म्हटल्यावर सगळं येतं.

सरांना मात्र वेळेआधी निवृत्त केलं. कारण दिलं, सेफ्टी शूज न घालणं.

आम्ही दिघीच्या समाजमंदिरात मंगलताईचा सत्कार ठेवला. सरांना तिनं बोलावलं, मी नाही. ते आले, आणि कुणी बोलवायच्या आत माईकपाशी गेले.

"हा विजय कुणाचा?" त्यांनी विचारलं. "युनियनचा नाही. पत्रकाचा तर नाहीच नाही. हा विजय बीटचा आहे. मी नव्वदच्या दशकात युरोपात असताना..."

मी माईकची वायर कुठं जाते ते शोधायला लागले. तेवढ्यात मंगलताई उठली आणि तिनं त्यांच्या हातातून माईक घेतला. तिच्या हातात माईक गेला म्हणजे गेला, हे सरांना माहीत नव्हतं.

"सर, बसा खाली," ती म्हणाली. "तुमचं लई उपकार हायत, ते मी घरी सांगन. पर माझ्यासंगं ज्यांना ब्रेक दिला त्या बाया मागं उभ्या हायत. त्यांना काय गाता येत न्हाई. त्यांचं कसं करायचं, ते आता बोलू."

सर खाली सतरंजीवर बसले. मी पत्रकांच्या पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला, कारण या प्रश्नावर माझ्याकडं छापलेलं काहीच नव्हतं. मागच्या बायका पुढं यायला लागल्या. सरांनी सतरंजीवर सरकून त्यांना जागा करून दिली, आणि मंगलताईनं पहिलीचं नाव विचारलं.